बुलेट ३५० (१९७४) जोडणी : बोल्ट कुठले घ्यावेत, ब्रेकचं काय करावं?

सातारी_फटफटी (धागाकर्ता)

मंडळी, इंजिनाचं काम झालं. बोअर, पिस्टन, बिग एन्ड, सगळं मेस्त्रींनी उरकून दिलं आणि इंजिन सध्या बाकावर झाकून ठेवलंय. चॅसी पावडर कोटिंग होऊन आली. आता गाडी उभी करायची आणि नेमका इथेच अडलोय.

गाडी उकलताना प्रत्येक जागेचे नटबोल्ट वेगळ्या पिशवीत भरून चिठ्ठ्या लावल्या होत्या. पिशव्या ओतल्यावर लक्षात आलं, की ही गाडी ज्याच्या ज्याच्या हाताखालून गेली त्याने सापडेल तो बोल्ट ठोकलाय. मागच्या मडगार्डला तीन जातींचे बोल्ट. पुढची ब्रेक प्लेट फोर्कला अडकवणारा नट तर असा, की दोन वेढे हाताने जातो आणि पुढे पाना लावावा लागतो.

प्रश्न दोन. ऑनलाइन अख्ख्या गाडीचा स्टेनलेस बोल्टांचा संच मिळतो, तो घेऊन मोकळा होऊ का? आणि पुढचा ब्रेक. सहा इंची ड्रम, आत बोट फिरवलं की खाचा लागतात, ब्रेकशू ग्रीस पिऊन काळे पडलेत. एका दुकानदाराकडे त्या काळातले डबीबंद, न वापरलेले शू आहेत. मित्र म्हणतो ड्रम सोड, डिस्क बसव.

गाडी शोकेसमध्ये ठेवायची नाही. सातारा-वाई-पाचगणी, बहुतेक वेळा डबलसीट. म्हणजे पसरणी घाट उतरायचाय.

जुनं_तेच_सोनं

संच घेऊ नका. तुमच्या गाडीत आज कुठल्या जागी कुठले आटे उरलेत हे विकणाऱ्याला कसं कळणार? निम्मे बोल्ट बसणार नाहीत, आणि जे बसतील ते दिसायला परके वाटतील. त्या काळच्या बोल्टाला मऊ, करडी चमक असायची. मूळ बोल्ट शाबूत असतील तर वायर ब्रशने साफ करून झिंक करून घ्या, काही जागी ब्लॅकोडाइजिंग (गंज रोखणारा काळा थर). डोक्यावर जुन्या कंपनीची खूण असलेला एकेक बोल्ट मी तरी भंगारात टाकणार नाही.

टपरी_नंबर_४

वाखुसा (वाचनखूण साठवली). माझ्या गाडीत पंधरा वर्षं एका जागी बोल्टऐवजी खिळा वाकवून घातलाय. चालतंय. (हलके घ्या.)

अडीच_सूत

नमस्कार. चिंचवडला फास्टनरच्या धंद्यात क्वालिटी विभागात नोकरी झाली, आता निवृत्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सातारकर, सगळ्यात आधी तो दोन वेढे जाऊन अडणारा नट बाजूला काढा आणि त्याला पुन्हा पाना लावू नका. तुम्ही मोजमाप दिलेलं नाही, पण ही जोडी बहुधा अडीच सुती बोल्ट आणि एम-८ नट अशी असणार. अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच, ७.९४ मिमी. एम-८ म्हणजे ८ मिमी. झिजलेल्या बोल्टावर व्हर्नियर लावूनही हा फरक खात्रीने सांगता येत नाही. खरा फरक आट्यांच्या अंतरात असतो. अडीच सुतीत जाड आटा, म्हणजे बीएसडब्ल्यू असेल तर इंचाला १८ आटे, ब्रिटिश बारीक आटा बीएसएफ असेल तर २२, अमेरिकन बारीक आटा यूएनएफ असेल तर २४, आणि सायकल आटा म्हणजे सीईआय असेल तर २६. एम-८ चं अंतर १.२५ मिमी, इंचाला साधारण २०.३. चुकीची जोडी पहिले दोन वेढे गोड बोलून जाते, कारण तेवढ्यात अंतराची चूक साचलेली नसते. मग तुम्ही पान्याने रेटता, एका आट्याची कड दुसऱ्याला कातरते आणि सगळा जोर एकदोन आट्यांवर येतो. हाताला मात्र ‘मस्त घट्ट बसला’ असं वाटतं. बोल्ट धरतो तो ताणला जातो म्हणून. इथे ताण आलेलाच नसतो, तुम्ही फक्त घर्षणाशी कुस्ती खेळलेली असते. आणि हे ब्रेक प्लेटच्या जागी! ब्रेक दाबल्यावर चाकाबरोबर फिरू पाहणारी प्लेट तिथेच अडते. ती जागा सुटली तर प्लेट फिरते, केबल ओढली जाते आणि चाक जाम होतं.

थ्रेड गेज घ्या. एक इंची पानांचा, ५५ अंशांचा. एक मेट्रिक, ६० अंशांचा. दोन्ही मिळून फार पैसे पडत नाहीत. बोल्ट आधी ब्रशने साफ करा, गेजचं पान बसवा आणि उजेडाकडे धरून बघा. मधून उजेड दिसला तर ते पान त्या बोल्टाचं नाही. एक फसवी जागा सांगून ठेवतो. दोन सुतीत, म्हणजे पाव इंचात, बीएसएफलाही २६ आटे आणि सीईआयलाही २६. पण बीएसएफचा कोन ५५ अंश आणि सीईआयचा ६०. तिथे मोजून भागत नाही, कोन बघावाच लागतो. तसंच पाव इंची बीएसडब्ल्यू आणि अमेरिकन जाड आटा यूएनसी, दोघांनाही २० आटे, कोन वेगळे. नट बिनतक्रार फिरतो, म्हणून जोडी बरोबर असं समजू नका.

तुमच्या गाडीत हे सगळं मिसळलेलं असणं अगदी स्वाभाविक आहे. मूळ आराखडा इंग्लंडचा, त्यामुळे आटे ब्रिटिश. पुढे आपल्याकडे बाजार मेट्रिक झाला आणि प्रत्येक मेस्त्रीने जवळचं बसवलं.

पान्यांबद्दल एक. जुन्या व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा जबड्याचा नसतो, बोल्टाच्या जाडीचा असतो. पाव इंच लिहिलेला व्हिटवर्थ पाना आणि ५/१६ बीएसएफ लिहिलेला पाना, दोन्हींचा जबडा एकच, ०.५२५ इंच. मेट्रिक १३ किंवा १४ चा पाना तिथे चालवला, की कोपरे गोल होतात. जुन्या बुलेटचे निम्मे नट असेच मेलेत.

सातारी_फटफटी

काका, गेज मागवला. रविवारी बसून सगळ्या पिशव्या तपासतो.

येझदी_दोनशेपन्नास

आम्ही या भानगडीतून सुटलो म्हणायचं. जावा चेकोस्लोवाकियाची, म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ पासून बनवली, पुढे येझदी झाली, १९९६ ला बंद पडली, पण आटे सुरुवातीपासून मेट्रिक.

अडीच_सूत

येझदीवाले, फार निर्धास्त राहू नका. एम-१० च १.५, १.२५ आणि १.० अशा तीन अंतरांत मिळतो. साधा १.५ चा बोल्ट १.२५ च्या जागी रेटणारे मी भरपूर पाहिलेत.

डबलसीट_नको

स्टेनलेसच्या प्रश्नाला अजून कुणी नीट हात घातलेला नाही, म्हणून लिहिते. मी यांत्रिकी शाखेची, आणि स्वतःची यामाहा आरएक्स खोलून जोडलेली.

बाजारात स्टेनलेस बोल्टावर ए२-७० लिहिलेलं असतं. ७० म्हणजे ७०० मेगापास्कलला तुटतो. पण तो कायमचा ताणायला लागतो ४५० च्या आसपास. ८.८ ग्रेडचा साधा काळा बोल्ट तुटतो ८०० ला आणि ताणायला लागतो ६४० ला. बोल्टासाठी दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा. म्हणून मडगार्ड, नंबर प्लेट, टूलबॉक्स, दिव्याचा कंस इथे स्टेनलेस खुशाल लावा, पावसात गंज नको असेल तर उत्तमच. फूटरेस्ट, इंजिन प्लेट, चिमट्याचा (मागचं चाक धरणाऱ्या स्विंग आर्मचा) बोल्ट, हँडलचे क्लॅम्प, शॉकअप आणि ब्रेकशी संबंधित एकूण एक जागा, इथे ए२ नको.

अजून दोन त्रास. स्टेनलेसचा बोल्ट स्टेनलेसच्याच नटात आवळताना आटे एकमेकांना चिकटून कायमचे जाम होतात, मग ग्राइंडर. आणि अॅल्युमिनियममध्ये स्टेनलेस कोरडा बसवला तर पाणी लागल्यावर अॅल्युमिनियम पांढरं पडून खाल्लं जातं. टायमिंग कव्हरला स्टेनलेस अॅलन स्क्रू लावायचेच असतील तर अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावून. मात्र अँटीसीझ लावलं की टॉर्क कमी करा, नाहीतर तेवढ्याच टॉर्कमध्ये बोल्ट जास्त ताणला जातो आणि केसिंगमधले आटे बाहेर येतात.

टपरी_नंबर_४

मग सगळीकडे १२.९ चे अॅलन बोल्ट ठोकून टाका ना. सगळ्यात मजबूत. विषय संपला.

अडीच_सूत

विषय तिथे सुरू होतो. १२.९ कडक असतो, आणि कडकपणाबरोबर त्याचा सोशीकपणा कमी होतो. खाच, गंज, वाकवणं त्याला सहन होत नाही. त्यात कुणी हौसेने त्यावर झिंक किंवा क्रोम करून आणलं तर आणखी धोका. प्लेटिंगच्या वेळी हायड्रोजन पोलादात शिरतो. मग बोल्ट आवळून ठेवला की काही तासांनी किंवा काही दिवसांनी, गाडी उभी असतानाही, डोकं टक्कन उडतं. १०.९ आणि त्यावरच्या बोल्टांना प्लेटिंगनंतर लगेच २०० अंशांच्या आसपास काही तास भाजून काढावं लागतं. गल्लीतला प्लेटिंगवाला हे करत नाही, त्याला कुणी सांगितलेलंही नसतं. ८.८ ला हा त्रास जवळपास नाही. जुन्या गाडीसाठी ८.८ हाच राजमार्ग. डोक्यावर ८.८ आणि बनवणाऱ्याची खूण, दोन्ही हवीत. नुसतं ८.८ कोरलेलं आणि खूण नाही, तो बोल्ट मडगार्डलाही लावू नका.

सोनंवाले मूळ बोल्ट झिंक करा म्हणतात, त्याला माझी हरकत नाही, फक्त जागा बघून. ब्रेक प्लेट, टॉर्क आर्म (प्लेटला फिरू न देणारी पट्टी), एक्सल इथले पन्नास वर्षं ताण खाल्लेले बोल्ट चमकवून परत लावू नका. डोक्याची खूण कितीही दुर्मीळ असो. ते डबीत ठेवा, पाहुण्यांना दाखवा.

जुनं_तेच_सोनं

हे मान्य. ब्रेकच्या बोल्टांबद्दल मी बोललोच नव्हतो.

सातारी_फटफटी

तपासलं. मडगार्डच्या तीन जाती निघाल्या त्या एम-८, ५/१६ बीएसएफ आणि ५/१६ यूएनएफ. ब्रेक प्लेटचा स्टड (बिनडोक्याचा, आट्यांचा दांडा) सीईआय, २६ आटे. त्यावर कुणीतरी एम-८ नट चढवला होता, काकांचा अंदाज बरोबर. स्टडचे पहिले पाच-सहा आटे सपाट झालेत. आता नवा स्टड कुठून आणू? इथला टर्नर म्हणतो, अर्ध्या तासात वळून देतो.

लेथवाला_उद्यमनगर

भावा, टर्नर अर्ध्या तासात वळून देईल, पण कशातनं ते विचार. न सांगता दिलंस तर माइल्ड स्टीलचा ब्राइट बार लावणार, कारण तो हाताशी असतो आणि कापायला लोण्यासारखा. ब्रेकच्या स्टडला माइल्ड स्टील अजिबात न्हाई. ईएन-२४ (चिवट मिश्र पोलाद), आणि तोही टी कंडिशनचा, म्हणजे आधीच हार्ड-टेंपर झालेला बार. कापायला जड जातो, टूल खातो, टर्नर कुरकुर करतो. पैसे जास्त दे. आणि जिथं गोल दांडी संपून आटा चालू होतो तिथं त्याला धारदार कोपरा सोडू देऊ नकोस, थोडी गोलाई ठेवायला सांग. स्टड तुटतो तो तिथंच तुटतो.

दुसरं. सीईआयचा डाय (आटे पाडायचं हत्यार) त्याच्याकडं हाय का बघ. नसला तर लेथवर सिंगल पॉइंटनं मारू दे, ६० अंशांचा टूल, २६ चा गिअर. ‘जवळपास बसतंय’ म्हणला तर उठून चालू लाग.

रेडिचकर

मी बर्मिंगहॅमजवळ असतो. रेडिच इथून हाकेच्या अंतरावर, पण तिथला रॉयल एनफिल्डचा कारखाना १९६७ लाच बंद पडला. सीईआय म्हणजे सायकल इंजिनिअर्सच्या संस्थेचा १९०२ चा आटा. कंपनीची मुळं सायकलीत, म्हणून तो मोटारसायकलमध्ये आला. इथे जुन्या गाड्यांच्या बाजारात सीईआय आणि बीएसएफचे नट-बोल्ट अजून सुटे मिळतात, नव्याने बनवलेलेही. डिसेंबरात पुण्याला येतोय, आकार कळवा, नट सामानात टाकून आणतो. स्टड मात्र तिकडेच वळून घ्या, लांबी तुमच्या प्लेटप्रमाणे लागेल.

सातारी_फटफटी

रेडिचकर, खूप आभार. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. आता ब्रेकचं बोला. डबीबंद शू घेऊ की नको? आणि डिस्क?

डबलसीट_नको

डबीबंद शू अजिबात नको. जुनं, न वापरलेलं म्हणजे चांगलं, हे ब्रेकला लागू होत नाही. शूवरचं घासणारं लायनिंग गोंदाने चिकटवलेलं असेल तर तो गोंद तितकीच वर्षं म्हातारा झालाय. माझ्या ओळखीच्या एकाच्या स्कूटरचं मागचं लायनर असंच सुटून ड्रममध्ये अडकलं आणि चाक घसपटत गेलं. वेग कमी होता म्हणून निभावलं. शिवाय त्या काळच्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता. त्याची धूळ फुप्फुसात जाऊन कर्करोग होतो, यात शंका नाही. आता उघडलेल्या ड्रममधली काळी धूळही कंप्रेसरने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

ग्रीस प्यायलेले शू पेट्रोल टाकून पेटवायचे, हा गॅरेजमधला जुना उपाय कुणी सुचवला तर हात जोडा. वरचं जळतं, आतलं तसंच राहतं, आणि ब्रेक गरम झाला की पुन्हा बाहेर येतं. तुमचे शू सांगाड्यासकट चांगले असतील तर जुनं लायनिंग काढून नवं, अॅस्बेस्टॉस नसलेलं, चिकटवून घ्या. आधी ग्रीस कुठून आलं ते शोधा. बहुतेक हबचं सील गेलंय किंवा बेअरिंगमध्ये कुणी मूठभर ग्रीस कोंबलंय.

लेथवाला_उद्यमनगर

शू नवे घातले आणि ड्रम तसाच ठेवला तर पैसे पाण्यात. ड्रम लेथवर घ्यावा लागतो. आणि इथं सगळे चुकतात. हब सुटा घेऊन येतात, मी सुंदर गोल करून देतो, मग ते स्पोक भरतात आणि ड्रम परत लंबगोल. स्पोकचा ताण ड्रमला ओढतो, ओढणारच. आधी रिम घाल, स्पोक पूर्ण ताणून चाक ट्रू कर (डगमग काढ), मग अख्खं चाक घेऊन ये. टायर नको. १९ इंची रिम कडेसकट पाचशे मिमीच्या वर जाते, म्हणून लेथ मोठा पाहिजे, गॅप बेडवाला, म्हणजे मोठं चाक मावायला चकजवळ खाच असलेला. साताऱ्यात मिळेल, न्हाईतर इकडं कोल्हापूरला ये, उद्यमनगरात दारोदार हायत. चाक त्याच्याच बेअरिंगवर सेंटर कर म्हणावं, रिमवर न्हाई.

खाच जाईल एवढंच काप. जास्त कापलं तर ड्रम पातळ, लवकर तापतो आणि दाबल्यावर पसरतो. सहा इंच म्हणजे १५२.४. कापल्यावर किती झाला ते कागदावर लिहून घे, कारण आता शू त्या मापाला करायचे. लायनिंग जरा जाड चिकटवून घे. मग शू तुझ्याच ब्रेक प्लेटवर, तुझ्याच कॅमवर (शू उघडतो तो तुकडा), स्प्रिंग लावून बसव, कॅम आणि शूच्या मध्ये पातळ पत्रा घाल, म्हणजे शू किंचित उघडे राहतील. प्लेटला मँड्रेलवर (मधल्या दांड्यावर) घेऊन लायनिंग घास, ड्रमपेक्षा दहा-पंधरा थाऊ (इंचाचा हजारावा भाग) कमी. धूळ ओढायला व्हॅक्यूम लाव, तोंडाला मास्क. एवढं केलं की शू टोकाटोकानं न लागता सगळ्या अंगानं लागतो. माझ्याकडं आलेल्या दहातल्या आठ गाड्यांना ब्रेक लागत न्हाई म्हणून तक्रार असते, आणि लायनिंग बघितलं तर रुपयाएवढी जागा चमकत असते, बाकी कोरं.

फाइलवाला

डिस्कबद्दल कायद्याच्या बाजूने. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी हेच बोट ठेवेल. आणि एक माहिती म्हणून. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षं उलटलेल्या, मूळ स्वरूपातल्या दुचाकीला व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, व्हीए मालिकेतला नंबर, दहा वर्षांसाठी, नव्या नोंदणीला २०,००० रुपये. तुमची गाडी वयात बसते. पण तो नंबर घेतला की रोजच्या रस्त्यावर चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. तुम्हाला पाचगणीला जायचंय, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका.

डबलसीट_नको

कायदा बाजूला ठेवला तरी डिस्क नको. कॅलिपरचा सगळा पीळ फोर्कच्या एका पायावर येतो, आणि त्या पायावर तो कंस धरण्यासाठी जागा मुळात घडवलेलीच नाही. वेल्डिंग करून लग लावणारे आहेत. मी त्यांच्या गाडीमागे बसणार नाही.

जास्त ब्रेक हवाच असेल तर नंतरच्या बुलेटवर आलेला सात इंची, दोन्ही शू लीडिंग असलेला ड्रम आहे. चाक ज्या दिशेने फिरतं त्या दिशेने शू आत ओढला गेला की तो स्वतःच जास्त चावतो, तो लीडिंग. उलट्या बाजूचा ढकलला जातो. तुमच्या सहा इंचीत एक असा, एक तसा. ट्विन-लीडिंगमध्ये दोन्ही चावणारे. त्याची उणी बाजू म्हणजे चढावर गाडी मागे घसरायला लागली की तो जवळपास निकामी, तिथे मागचा ब्रेक वापरायचा. एक्सलचं माप आणि प्लेट अडकवायची जागा जुळते का ते आधी बघा, मगच पैसे द्या.

पण घाटाचा हिशेब ब्रेक बदलून सुटत नाही. गाडी, दोघं जण, सामान मिळून ३०० किलो धरा. ताशी ८० वरून एकदा पूर्ण थांबायला ब्रेकने सुमारे ७४ किलोजूल उष्णता गिळायची. वाई साधारण ७०० मीटरवर, पाचगणी १३०० च्या आसपास. नुसती ती सहाशे मीटर उंची उतरताना सुमारे १,७६० किलोजूल. म्हणजे ८० वरून सुमारे चोवीस वेळा थांबण्याइतकी उष्णता, तीही सलग. ड्रम तापून फुगतो, शूपासून लांब जातो, लिव्हर हँडलला टेकायला लागते, लायनिंगची पकड पडते. पसरणीत वरूनच तिसरा किंवा दुसरा गिअर टाका आणि इंजिनाला काम करू द्या. ब्रेक वळणापुरता.

जुनं_तेच_सोनं

+१. आमच्या वडिलांच्या पिढीने याच सहा इंची ड्रमवर कोकण पालथं घातलं. तेव्हा ट्रक मागे लागत नव्हते, तेही खरं.

अडीच_सूत

जोडताना एक काम विसरू नका, फुकट आहे. ब्रेक प्लेट बसवून एक्सलचा नट सैल ठेवा. चाक फिरवा आणि ब्रेक जोरात दाबा. प्लेट आपोआप ड्रमच्या मध्यावर येते. कुणालातरी लिव्हर दाबून धरायला सांगा आणि त्याच अवस्थेत नट आवळा.

मग लिव्हरचा कोन. शू ड्रमला टेकतात त्या क्षणी प्लेटवरची लिव्हर आणि केबल यांत काटकोन हवा. आधीच काटकोनाच्या पलीकडे गेली असेल तर तुम्ही जितकं जास्त दाबाल तितका जोर कमी मिळतो. लायनिंग झिजलं की लिव्हर पुढे सरकते, म्हणून सुरुवातीला काटकोनाच्या किंचित अलीकडे ठेवा. कॅमच्या बुशमध्ये खेळ असेल तर बुश बदला. कॅमला उष्णता सहन करणारं ग्रीस, पण नखाएवढं. जास्त घातलंत तर पुन्हा शू काळे.

आणि केबल. पुढच्या ब्रेकला क्लचची केबल कापून जुळवू नका. आतली तार जाड हवी, बाहेरचं कव्हर दाबल्यावर आखडणारं नको. निपल तुम्हीच बसवणार असाल तर तारेचं टोक निपलमधून काढून पाकळ्यांसारखं फुलवा आणि मगच डाग द्या. नुसत्या डागावर भरवसा नको.

टपरी_नंबर_४

नायलॉक नट सगळीकडे लावले तर चालतं का? आता मी गंभीरपणे विचारतोय, खिळा काढलाय.

अडीच_सूत

अभिनंदन. चालतं, पण सायलेन्सर आणि सिलिंडरजवळ नको. नायलॉन १२० अंशांच्या पुढे मऊ पडतं. आणि एकदा काढलेला नायलॉक हाताने सहज फिरत असेल तर तो टाकून द्या. ब्रेकच्या टॉर्क आर्मला मला अजूनही कॅसल नट (खाचांचा नट) आणि त्यात घालायची स्प्लिट पिन आवडते, कारण ती डोळ्यांनी दिसते. त्याच आर्मला बोल्ट घेताना पूर्ण आट्याचा घेऊ नका, अर्ध्या आट्याचा घ्या. कातरणारा भार साध्या दांड्यावर पडायला हवा, आट्यांच्या खाचांवर नाही.

सातारकर, पावडर कोटिंगचं एक राहिलं. जिथे बोल्टचं डोकं, वायसर किंवा इंजिन प्लेट चॅसीला टेकते तिथला थर खरवडून काढा. तो थर दबत जातो आणि महिन्याभरात बोल्ट सैल सापडतो. शिवाय अर्थिंग मिळत नाही, मग वायरिंगवाल्याला शिव्या बसतात.

सातारी_फटफटी

अपडेट. गाडी उभी राहिली. चाक ट्रू करून कोल्हापूरला नेलं, ड्रम १५३.१ ला साफ झाला. शू नव्या लायनिंगचे, प्लेटवरच घासून घेतले. स्टड ईएन-२४ चा, नट रेडिचकरांनी आणलेला, हाताने शेवटपर्यंत फिरतो. मडगार्डला स्टेनलेस, बाकी ८.८. ब्रेक पहिल्या दिवसापेक्षा आता बराच चावतो. पण अगदी हळू वेगात, थांबता थांबता पुढचं चाक एकदम पकडतं आणि ‘कुईं’ आवाज येतो. ड्रम पुन्हा दाखवू का?

लेथवाला_उद्यमनगर

ड्रमला हात लावू नको. लीडिंग शूचं पुढचं टोक धारदार राहिलंय. कानशीनं दोन्ही शूची टोकं तिरकी कर, दहाएक मिमी लांबीपर्यंत उतार दे. धूळ पुसून घे, फुंकू नको. मग बसव आणि काकांनी सांगितल्याप्रमाणं लिव्हर दाबून धरून परत मध्यावर आण, ते विसरलास तर पुन्हा कुईं.

सातारी_फटफटी

टोकं घासली, आवाज गेला, पकडणंही गेलं. नट पुन्हा कधी तपासायचे?

अडीच_सूत

पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर एकदा, गाडी थंड असताना. टॉर्क पान्याने. ८.८ ला कोरड्या आट्यावर एम-६ साठी १० न्यूटन-मीटर, एम-८ साठी २५, एम-१० साठी ५० च्या आसपास. अॅल्युमिनियममध्ये असेल तर याहून कमी. सैल निघाला तर आवळा, न निघाला तर सोडून द्या. दर रविवारी ‘अजून थोडा’ करत राहिलात तर ८.८ सुद्धा ताणून संपेल. बारीक आट्याच्या ब्रेक स्टडला रंगाचा ठिपका लावा, अर्धा नटावर, अर्धा प्लेटवर. घाटाच्या आधी नुसतं वाकून बघितलं तरी कळेल.